जॉन ब्राउनिंग आणि लिव्हर रायफलीचं छोटं काडतूस

जुन्या लिव्हर रायफलीच्या काडतुसाचं चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला प्रश्न पडला, गोळीचं नाक चपटं का? उत्तर शोधता शोधता मी जॉन मोझेस ब्राउनिंग यांच्यापर्यंत पोचलो.

ब्राउनिंग यांचा जन्म 1855 साली अमेरिकेतल्या युटामधल्या ऑग्डेन गावचा. वडील बंदुका बनवायचे, त्यामुळे पोरगा दुकानातच घडला. 1879 मध्ये वडील गेले आणि त्याच वर्षी ब्राउनिंग यांना पहिलं पेटंट मिळालं. 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीने ती एकबारी रायफल 8,000 डॉलरला विकत घेतली आणि पुढे त्यांच्याकडून एकेक नवं डिझाइन घेतलं.

त्यातलं एक म्हणजे 1892 सालची छोटी लिव्हर रायफल. शेतं आणि कुरणं पोखरणारे वुडचक, प्रेरी डॉग असे छोटे प्राणी मारायला .32-20 सारखं लहान काडतूस पुरायचं. यातले 32 म्हणजे गोळीचा अंदाजे व्यास, इंचाच्या शंभराव्या भागात. आणि 20 म्हणजे मुळात भरायची काळी दारू, 20 ग्रेन, साधारण 1.3 ग्रॅम. लोक वापरलेली पितळी पुंगळी फेकत नसत. जुना प्राइमर काढायचा, पुंगळी साच्यातून दाबून मापात आणायची, नवा प्राइमर, दारू आणि शेवटी गोळी बसवायची. कंपन्या यासाठी हातातली साधनंही विकायच्या.

आता चपट्या नाकाचं कोडं. या रायफलीत काडतुसं नळीत एकामागोमाग एक बसतात. टोकदार गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्राइमरवर टेकतं, आणि धक्का बसला की नळीतच स्फोट होऊ शकतो. म्हणून नाक चपटं. शिवाय स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत आत सरकू नये म्हणून पुंगळीची कडा गोळीवर घट्ट दाबतात.

खरी गंमत मात्र पुढे आहे. हेच .32-20 काडतूस विंचेस्टरच्या जुन्या 1873 मॉडेलमध्येही चालायचं. त्या रायफलीचा बोल्ट गुडघ्यासारख्या दुमडणाऱ्या सांध्याने अडवलेला असतो. ब्राउनिंग यांनी 1892 च्या रायफलीत बोल्टला अडवायला दोन उभ्या पोलादी पट्ट्या दिल्या. त्यामुळे ती रायफल बरीच जास्त ताकद सहन करायची. पुढे कंपन्यांनी 1892 साठी जोरदार काडतुसं काढली आणि ती जुन्या 1873 मध्ये वापरू नका अशी सूचना खोक्यांवर छापली. म्हणजे बघा, पुंगळी तीच, नाव तेच, पण किती दारू चालेल हे ठरवते रायफल! हाताने काडतूस भरणाऱ्याने हे विसरलं, तर सगळं पुढ्यातच फुटायचं.

त्यात धूरविरहित दारू आली. ती थोडी पुरते, म्हणून पुंगळीत बरीच जागा रिकामी राहते. चुकून दुप्पट दारू पडली तरी ती आत मावते. म्हणूनच अनुभवी माणसं गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून बघतात.

पुढे स्वयंचलित शॉटगनसाठी ब्राउनिंग यांनी एकरकमी पैशाऐवजी प्रत्येक नगामागे हिस्सा मागितला. विंचेस्टरने नकार दिला आणि ते बेल्जियमच्या एफएन कंपनीकडे गेले. नावावर 128 पेटंट असलेल्या ब्राउनिंग यांचा 26 नोव्हेंबर 1926 रोजी तिथल्याच कारखान्यात काम करत असताना हृदयविकाराने मृत्यू झाला.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, आपल्याकडे शस्त्र कायदा, 1959 प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. मी हे सगळं वाचलं ते रायफल चालवायला नाही. कुठल्याही यंत्रात एखादा भाग बसतो म्हणून तो चालेलच असं नाही, हे मला या छोट्या काडतुसाने शिकवलं.