सात हजारांचे गहाणखत

मागच्या रविवारी पिंपरीच्या एका मैदानावर कॉलेजच्या मुलांची कबड्डी पाहत बसलो होतो. पोरांच्या छातीवर कॉलेजचे नाव बारीक अक्षरांत आणि पाठीवर चाकणच्या एका कंपनीचे ठळक. गणवेश, बूट, प्रवासखर्च, सगळे कंपनीचे, असे शेजारच्या गृहस्थांनी कौतुकाने सांगितले. चांगलेच आहे. मला मात्र खाशाबा जाधव आठवले.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी 15 जानेवारी 1926 रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पहिलवान, त्यामुळे तालमीची माती घरातच होती. कराडच्या टिळक हायस्कूलमधून ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. अंगकाठी किरकोळ, पण डावात चपळ. मातीतल्या कुस्तीला लंगोट पुरतो. गादीवर अंगाला चिकटणारा पोशाख आणि पायात बूट लागतात. 1948 साली लंडनच्या ऑलिम्पिकला कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. गादीची सवय नसताना खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकी. या वेळी पैशांचे घोडे अडले. सरकारकडे मागणी केली, हाती फारसे काही लागले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तीही पुरेना. तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डीकरांनी राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले.

माझी उभी नोकरी बँकेत तारणे तपासण्यात गेली. कर्ज कशासाठी आणि परतफेड कशातून, हे आमचे पहिले दोन प्रश्न. विद्यार्थ्याला कुस्तीसाठी परदेशी पाठवायचे आहे, असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर खोटे कशाला बोलू, मी तो नामंजूरच केला असता. 1952 सालचे सात हजार! पोरगा पहिल्या फेरीत चीत झाला असता तर मास्तरांच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात होते. आणि बदल्यात त्यांचे नाव कुठे झळकणार होते? कुठेच नाही.

खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशीशी ते दीर्घ झुंजले आणि हरले. दमछाक झालेली असतानाच लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले. विश्रांतीचा हक्क मागायला आपला अधिकारी जवळ नव्हता, असे सांगतात. तरीही बँटमवेट गटाचे कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरे यायला 1996 साल उजाडले.

कराडला शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सत्काराचे हार वाळण्याआधी खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले आणि त्या पैशांतून खर्डीकरांचे घर सोडवले.

1955 साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले आणि सहायक आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना खेटे घालावे लागले. 14 ऑगस्ट 1984 रोजी मोटारसायकलच्या अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला, पण मरणोत्तर. गोळेश्वरच्या त्यांच्या घराचे नाव आहे ऑलिम्पिक निवास.