मुरुडचे अण्णा आणि बाया

दापोली तालुक्यातील मुरूड हे समुद्रकाठचे गाव. माडा-पोफळींच्या या गावात धोंडो केशव कर्वे लहानाचे मोठे झाले. त्यांचा जन्म १८५८ चा. घरची स्थिती बेताची, परंतु शिक्षणाची ओढ दांडगी. परीक्षेसाठी ते मुरुडाहून साताऱ्यास पायी गेले. पण वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे मुंबईस शिकून ते मिळवते झाले, तरी गावाला विसरले नाहीत. गावच्या कामांसाठी त्यांनी मुरूड फंड उभारला.

१८९१ साली त्यांच्या प्रथम पत्नी राधाबाई वारल्या. त्याच वर्षी ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या आणि पुढे सर्वांच्या बाया.

ज्या गावासाठी अण्णा झटले, त्याच गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतल्यास भावालाही वाळीत टाकण्याचे ठरले. स्वतःच्या आईच्या घरी उजळ माथ्याने राहण्याची सोय उरली नाही. परंतु अण्णांनी गावाशी वैर धरले नाही.

१८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. १९०० साली तो पुण्याजवळ हिंगण्यास गेला. कॉलेजचे काम आटोपून अण्णा रोज तेथे पायी जात. संसाराचा आधार असलेली विम्याची रक्कमही त्यांनी आश्रमास दिली. पदरी मुले असलेल्या बायांना हे सहजी कसे रुचावे? परंतु रागावूनही त्या कामापासून दूर झाल्या नाहीत. त्या सुईणपण शिकल्या आणि आश्रमासाठी वर्गणी मागत दारोदार हिंडल्या. १९१६ साली अण्णांनी महिला विद्यापीठ स्थापिले. १९३६ साली खेड्यांतील मुलांसाठी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले.

बायांनी 'माझे पुराण' हे आत्मचरित्र लिहिले. १९५० साली त्या निवर्तल्या. अण्णांना १९५८ साली भारतरत्न मिळाले आणि १९६२ साली वयाच्या एकशे पाचव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आज मुरूड गाव अण्णांच्या नावाने ओळखले जाते. आपल्या मंडळाच्या वर्गणीची पावती फाडताना, बायांनी झिजविलेले उंबरठे आपणांस आठवावेत, एवढीच विनंती.