विल्यम हर्शेल: न दिसणारा प्रकाश शोधणारा वादक

टीव्हीचा रिमोट सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये रिमोटच्या टोकाला जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. नुसत्या डोळ्यांना मात्र काहीच दिसत नाही. हाच इन्फ्रारेड प्रकाश. तो शोधला विल्यम हर्शेल यांनी, आणि ते मुळात होते वादक!

लष्करी बँड ते दुर्बीण

हर्शेल यांचा जन्म १७३८ साली जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये झाला. वडिलांसारखेच तेही लष्करी बँडमध्ये वाजवायचे. १७५७ मध्ये फ्रेंचांनी हॅनोव्हरच्या फौजेला हरवलं आणि विल्यम इंग्लंडला आले. बाथ शहरात ऑर्गन वाजवणं, शिकवण्या घेणं यावर घर चालायचं. रात्री मात्र बहीण कॅरोलिनच्या मदतीने ते दुर्बिणीचे आरसे घासत बसायचे. अशाच घरी बनवलेल्या दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्यांना युरेनस सापडला.

थर्मामीटरची कमाल

सूर्य बघताना ते रंगीत काचा वापरायचे. काही काचांतून उजेड कमी यायचा, पण उष्णता जास्त जाणवायची. असं का? १८०० साली त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे केले आणि प्रत्येक रंगात थर्मामीटर ठेवून पाहिला. जांभळ्याकडून लालकडे जाताना पारा जास्त चढत गेला. मग त्यांनी थर्मामीटर लाल रंगाच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे ठेवला. पारा तिथे सगळ्यात जास्त चढला!

उष्णता आणि प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मत मात्र त्यांनी पुढे मांडलं. ते चुकीचं होतं, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवलं. १८२२ मध्ये हर्शेल वारले.

आज हा प्रकाश सैनिकाच्या हेल्मेटवर

रात्रीच्या कारवाईत सगळ्यात मोठी भीती असते ती आपल्याच माणसावर गोळी चालण्याची. म्हणून सैनिक हेल्मेटवर छोटा इन्फ्रारेड दिवा लावतात. नाइट व्हिजन घातलेल्या साथीदाराला किंवा वर फिरणाऱ्या हेलिकॉप्टरला तो लुकलुकताना दिसतो आणि आपला माणूस कोण ते कळतं.

पण इथेच खरी गोम आहे. समोरच्याकडेही नाइट व्हिजन असेल, तर तोच दिवा त्याला तुमची जागा दाखवतो. म्हणून दिवा सतत चालू ठेवायचा नसतो. कधी लावायचा, कुठल्या बाजूला दिसू द्यायचा, कोणता इशारा म्हणजे आपला, हे आधीच ठरवावं लागतं. शिवाय एकट्या दिव्यावर विसंबून चालत नाही, रेडिओवरून खात्री करावीच लागते.

डोळ्यांना दिसत नाही म्हणजे ते लपलेलं आहे असं नाही. हर्शेल यांच्या थर्मामीटरने सव्वादोनशे वर्षांपूर्वीच हे दाखवून दिलं होतं. रिमोटचा प्रयोग आज नक्की करून बघा!