नादाचें मर्म जाणणारे हर्मन हेल्महोल्ट्झ

विद्यार्थीमित्रहो, आपल्या जालन्याच्या मोंढ्यांत सकाळच्या प्रहरीं मालमोटारी, ट्रॅक्टर आणि फटफट्या यांचा एकच कोलाहल चालू असतो. आपण तो ऐकून कान झांकून घेतों. परंतु एखादा मुरलेला मिस्त्री त्याच कोलाहलांतून एका एंजिनाचा आवाज वेगळा काढतो आणि बॉनेट न उघडतांच सांगतो कीं, याला हवा पुरत नाहीं, फिल्टर धुळीनें भरला आहे. अनेक आवाज एकत्र मिसळले असतां त्यांतील एकेक वेगळा कसा काढावा, आणि पोकळ जागेंतील हवा एखाद्या स्वराला बळ कसें देते, हें ज्या थोर पुरुषानें जगाला नीट उलगडून दाखविलें, त्यांचें नांव हर्मन हेल्महोल्ट्झ. त्यांनीं मोटार कधीं बनविली नाहीं. तथापि मोटारीच्या एंजिनाला हवा पुरविणारी नळी आंखतांना आजहि कारागिरांस त्यांच्याच नियमांचा आधार घ्यावा लागतो. म्हणून त्यांचें चरित्र आपण थोडक्यांत पाहूं.

हर्मन यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजीं प्रशिया राज्यांतील पॉट्सडाम या गांवीं झाला. वडील तेथील हायस्कुलांत शिक्षक होते. घरांत विद्या होती, पण द्रव्य बेताचेंच होतें. बालपणीं प्रकृति नाजूक असल्यामुळें हर्मनचा बराच काळ अंथरुणांत जाई, आणि लांकडी ठोकळे हेच त्याचे सोबती असत. ते मांडतां मांडतां आकारांचे परस्परसंबंध त्याच्या मनांत इतके बिंबले कीं, पुढें शाळेंत भूमितीचा आरंभ झाला तेव्हां त्यांतील पुष्कळ गोष्टी त्याला आधींच ठाऊक असल्याचें पाहून गुरुजींना नवल वाटलें. उलट, एकमेकांशीं संबंध नसलेल्या गोष्टी पाठ करणें त्याला फार जड जाई. वर्गांत लॅटिन ग्रंथांचें वाचन चालू असतां हा मुलगा बाकाखालीं कागद धरून दुर्बिणींतून जाणाऱ्या प्रकाशकिरणांच्या आकृति काढीत बसे. आपला मुलगा पाठांतरांत मागें पडतो म्हणून ज्या पालकांना चिंता वाटते, त्यांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

हर्मनच्या मनांत पदार्थविज्ञान शिकावयाचें होतें. परंतु केवळ त्या विद्येवर पोट भरणें त्या काळीं कठीण होतें, आणि शिक्षकाच्या पगारांत तो खर्च झेपण्यासारखा नव्हता. बर्लिन येथें सैन्यासाठीं वैद्य तयार करणारी एक सरकारी संस्था होती. तेथें शिक्षण विनामूल्य मिळे, मात्र मोबदल्यांत आठ वर्षें सैन्यांत नोकरी करण्याचें बंधन असे. वडिलांच्या सल्ल्यानें १८३८ सालीं, वयाच्या सतराव्या वर्षीं, हर्मननें तो मार्ग पत्करला. आवडत्या विषयाचें दार बंद झालें म्हणून तो रडत बसला नाहीं. बर्लिनला जातांना त्यानें आपला पियानो बरोबर नेला व रोजच्या अभ्यासांतून वेळ काढून तो वाजवीत असे. शिकत असतां एकदां तो विषमज्वरानें आजारी पडला. विद्यार्थी म्हणून त्याला रुग्णालयांत फुकट उपचार मिळाले. त्या काळांत शिल्लक राहिलेल्या भत्त्यांतून त्यानें एक सूक्ष्मदर्शक विकत घेतला. आजारपणाचा असा उपयोग करणारे विद्यार्थी विरळाच! १८४२ सालीं तो वैद्य झाला.

पुढें पॉट्सडाम येथें सैन्याच्या छावणींत नोकरी करीत असतांनाच त्यांनीं एक लहानशी प्रयोगशाळा थाटली. स्नायु काम करूं लागला म्हणजे त्यांत उष्णता उत्पन्न होते, ती कोठून येते, हा प्रश्न त्यांनीं हातीं घेतला. त्यांतूनच त्यांचा सर्वांत मोठा सिद्धांत बाहेर पडला. २३ जुलै १८४७ रोजीं बर्लिन येथील पदार्थविज्ञान मंडळापुढें त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, शक्ति कधीं शून्यांतून निर्माण होत नाहीं व कधीं नाहींशीहि होत नाहीं. ती केवळ रूप बदलते. उष्णता, गति, प्रकाश, वीज हीं सर्व तिचींच रूपें होत. आज आपण या शक्तीला ऊर्जा म्हणतों. मायर आणि जूल हे दोघे शास्त्रज्ञहि स्वतंत्रपणें याच निष्कर्षाकडे आले होते. परंतु सर्व निसर्गाला हा नियम लावून गणितानें मांडण्याचें श्रेय या पंचवीस वर्षांच्या शस्त्रवैद्याकडे जातें. त्या वेळच्या प्रमुख शास्त्रीय मासिकानें हा निबंध छापण्याचें नाकारलें, तेव्हां तो स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपानें प्रसिद्ध करावा लागला.

या कामगिरीमुळें सैन्यांतील नोकरीची उरलेली मुदत त्यांना माफ झाली आणि १८४९ सालीं ते कोनिग्सबर्ग येथें प्राध्यापक झाले. तेथें त्यांनीं जिवंत माणसाच्या डोळ्याचा आंतील पडदा पाहतां येईल असें उपकरण तयार करून १८५१ सालीं प्रसिद्ध केलें. नेत्रवैद्य तें आजहि वापरतात. डोळ्याकडून त्यांचें लक्ष कानाकडे वळलें, आणि पियानोवर बसणाऱ्या त्या जुन्या विद्यार्थ्याला आपला खरा विषय सांपडला.

आडावर घागर भरतांना तिचा आवाज कसा चढत जातो, तें आपण ऐकलेंच असेल. पाणी वर येतें, आंतील हवेची जागा कमी होते आणि स्वर उंच होतो. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याला जो मोठा भोपळा लावतात, तोहि तारेच्या क्षीण स्वराला भरदार करण्यासाठींच. पोकळींतील हवा आपल्याला जुळणाऱ्या स्वरानें थरारते. यालाच अनुनाद म्हणतात. हेल्महोल्ट्झ यांनीं लहानमोठे पोकळ गोळे करविले. प्रत्येकाला एका बाजूस उघडें तोंड, तर दुसऱ्या बाजूस कानांत बसेल असें निमुळतें टोंक होतें. गोळा कानाला लावला कीं अनेक स्वरांच्या मिश्रणांतून केवळ एकच स्वर घुमूं लागे. कारण असें कीं, गोळ्याच्या मानेंतील हवा वजनासारखी आणि पोटांतील हवा स्प्रिंगसारखी वागते. पोट मोठें असेल तर स्वर खालचा निघतो. मान लांब केली तरीहि तो उतरतो. मान रुंद केली तर चढतो. या गोळ्यांना आज हेल्महोल्ट्झ अनुनादक म्हणतात. नादसंवेदनांवरील त्यांचा ग्रंथ १८६३ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां मोटारीकडे वळूं. एंजिन हें एका अर्थीं श्वास घेणारें यंत्र आहे. एक भाग पेट्रोल पुरतें जळण्यास वजनानें सुमारें पंधरा भाग हवा लागते. नेहमींच्या चार फेऱ्यांच्या एंजिनांत मुख्य दांड्याच्या दर दोन वळशांस प्रत्येक सिलिंडर एकदां हवा ओढतो. दांडा मिनिटाला ३००० वळसे घेत असेल तर एक सिलिंडर सेकंदाला २५ श्वास घेतो, आणि चार सिलिंडर मिळून १०० श्वास होतात. कानाच्या दृष्टीनें सेकंदाला १०० धक्के म्हणजे एक घुमणारा खर्जाचा स्वरच होय. वेग वाढविला कीं एंजिनाचा स्वर चढतो, त्याचें हें एक कारण.

या श्वासामुळें नळींतील हवेंत लाटा उठतात. झडप उघडून पिस्टन हवा ओढूं लागला म्हणजे विरळ हवेची लाट नळीच्या उघड्या तोंडापर्यंत जाते आणि तेथून दाट हवेची लाट होऊन परत फिरते. झडप मिटण्याच्या ऐन वेळीं ती परतली तर थोडी अधिक हवा सिलिंडरांत ढकलली जाते व जोर वाढतो. वेळ चुकली तर हा लाभ मिळत नाहीं. लांब नळी कमी वेगास अनुकूल, तर आंखूड नळी जास्त वेगास. म्हणून कांहीं मोटारींत वेगाप्रमाणें नळीची लांबी बदलण्याची सोय केलेली असते. सिलिंडर म्हणजे पोट आणि नळी म्हणजे मान असें धरून हा हिशेब हेल्महोल्ट्झ यांच्या नियमानेंहि मांडतां येतो.

हाच अनुनादक आवाज शमविण्यासहि उपयोगी पडतो, हें विशेष. पुष्कळ मोटारींत हवेच्या नळीच्या कुशीला एक बंद डबी जोडलेली दिसते. त्या डबींतून हवा पुढें जात नाहीं. म्हणून अजाण मनुष्य तिला निरुपयोगी समजतो. वस्तुतः ती हेल्महोल्ट्झ यांचा गोळाच आहे. नळींतील जो स्वर कानाला त्रास देतो, त्याच स्वराला ती जुळविलेली असते. तो स्वर उठला कीं डबीच्या मानेंतील हवा त्याला विरोध करून पुढें जाऊं देत नाहीं. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेंत वाहनांच्या आवाजाच्या व कंपनांच्या ज्या परीक्षा होतात, त्यांच्या मुळाशीं हेंच नादशास्त्र आहे.

कांहीं तरुण मात्र फटफटीचा एअर फिल्टर काढून टाकतात, कारण त्यामुळें आवाज दणदणीत होतो आणि गाडीचा जोर वाढल्यासारखें वाटतें. येथें १८४७ च्या सिद्धांताचें स्मरण करावें. जोर येतो तो जळलेल्या इंधनांतून. हवा तें जळूं देते, आणि आवाज हा त्या शक्तीचा वायां गेलेला एक अत्यल्प अंश आहे. तो मोठा झाला म्हणून चाकाला अधिक जोर मिळत नाहीं. उलट, आपल्या मराठवाड्यांतील उन्हाळ्याची धूळ सरळ सिलिंडरांत शिरते आणि पिस्टनच्या कड्या घांसून टाकते. दुसरेंहि एक ध्यानांत घ्यावें. २० अंशांच्या हवेपेक्षां ४० अंशांची हवा सुमारें सहा टक्के विरळ असते. म्हणून हवा घेण्याचें तोंड तापलेल्या एंजिनापासून दूर ठेवतात. खरी सुधारणा अशा शांत विचारांत आहे, गर्जनेंत नाहीं.

हेल्महोल्ट्झ १८७१ सालीं बर्लिन येथें पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. जो विषय गरिबीमुळें सोडावा लागला होता, तो तेहतीस वर्षांनीं त्यांच्याकडे मानानें परत आला. विद्युल्लहरींचा शोध लावणारे हाइनरिक हर्ट्झ हे त्यांचेच शिष्य. १८८८ सालीं जर्मन सरकारनें मोजमापनासाठीं स्थापन केलेल्या राष्ट्रीय संस्थेचे ते पहिले अध्यक्ष झाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजीं त्यांचा अंत झाला. आपल्या देशांतील चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं विद्यार्थिदशेंत त्यांचा नादावरील ग्रंथ वाचला, त्यानें ते भारून गेले, आणि पुढें तबला व मृदंग यांच्या स्वरांचा शास्त्रीय अभ्यास त्यांनीं केला.

मित्रहो, मनाजोगें शिक्षण प्रत्येकालाच मिळतें असें नाहीं. परिस्थितीनें ज्या वाटेवर आणून सोडलें, त्या वाटेवरहि डोळे व कान उघडे ठेवले तर वैद्यकाचें ज्ञान नादशास्त्रास आणि पियानोचा छंद पदार्थविज्ञानास उपयोगी पडतो, हें या चरित्रानें सिद्ध केलें आहे. यापुढें एखादी मोटार शाळेवरून गेली तर कानांवर हात ठेवण्यापूर्वीं क्षणभर तिचा श्वास ऐका, आणि तो तसा कां येतो, हा प्रश्न स्वतःला विचारा. विद्येचा आरंभ अशाच प्रश्नांपासून होत असतो.