केन्स : एकाचं दुखणं सगळ्यांना का लागतं?

जागतिक मंदी शिकवताना सनावळ्या सांगून होतात, पण एका देशाचं दुखणं दुसऱ्याला कसं लागतं ते मुलांपर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी जॉन मेनार्ड केन्स यांची गोष्ट सांगून पाहा.

त्यांचा जन्म ५ जून १८८३ चा, इंग्लंडमधल्या केंब्रिजचा. १९०६ मध्ये ते लंडनच्या इंडिया ऑफिसात लागले. पहिलं काम काय, तर दहा वळू बोटीने मुंबईला पाठवायचे! भारतात ते कधीच आले नाहीत, पण १९१३ मध्ये त्यांनी आपल्या चलनावर पुस्तक लिहिलं.

पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या पॅरिस परिषदेत ते ब्रिटिश अर्थखात्याचे प्रतिनिधी होते. जर्मनीवर न झेपणारी भरपाई लादली जातेय हे पाहून त्यांनी राजीनामा दिला. जर्मनी कंगाल झाला तर सगळा युरोप खचेल, असं त्यांचं म्हणणं. मुलांना विचारा, गावातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कर्जात बुडालं तर दुकानदाराचं काय होईल?

कोणी ऐकलं नाही. अमेरिका जर्मनीला कर्ज देई, जर्मनी त्यातून ब्रिटन-फ्रान्सला भरपाई देई आणि ते दोघे अमेरिकेचं युद्धकर्ज फेडत. (हे चक्र फळ्यावर काढाच.) १९२९ मध्ये अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि चक्र अडखळलं. १९३० मध्ये अमेरिकेने आयातीवर जबर कर लावले, इतरांनीही तेच केलं. १९३१ मध्ये ऑस्ट्रियाची सर्वात मोठी बँक कोलमडली, पाठोपाठ जर्मनीतल्या बँका. १९३३ मध्ये लंडनला ६६ देश जमले, आणि हात हलवत परतले. खरं सांगायचं तर १९३१ मध्ये केन्स यांनीही ब्रिटनसाठी आयातकर सुचवला होता. मुलांपासून हे लपवू नका.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी नवी योजना मांडली : तोल सावरायची जबाबदारी फक्त कर्जदारावर नको, ज्याच्याकडे शिल्लक साठते त्या देशावरही हवी. शिल्लक तेव्हा अमेरिकेकडे होती. तिने ते मानलं नाही. तरीही जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ देश एकत्र बसले, त्यातून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक उभी राहिली. भारताच्या शिष्टमंडळात आपले चिंतामणराव देशमुख होते.

केन्स यांचं हृदय तेव्हाच थकलं होतं. २१ एप्रिल १९४६ ला ते गेले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत झालेल्या स्मृतिप्रार्थनेला त्यांचे वृद्ध आईवडील दोघेही आले होते.