दुष्काळातल्या मुलींसाठी माळरानावर शाळा उभारणाऱ्या पंडिता रमाबाई

नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत मुलगी सातवी-आठवी पास झाली की घरात एकच प्रश्न निघतो. आता हिला पाठवायचं कुठं? गावात पुढचे वर्ग नाहीत, एसटीचा भरवसा नाही, शहरात खोली करून देण्याची ऐपत नाही. ऐपत असली तरी बापाचा धीर होत नाही. शिकवणीसाठी लातूरचं नाव राज्यभर आहे, पण मुखेड, कंधार, औसा, निलंग्याच्या गरीब घरातली मुलगी तिथवर पोहोचतच नाही. आई-बाप ऊसतोडीला गेले की धाकट्या भावंडांना सांभाळायला तीच घरी राहते. म्हणून मुलींच्या निवासी शाळेचा विषय आपल्या समाजात पुन्हा पुन्हा निघतो. जागा, देणगी, इमारत यावर चर्चा होते आणि तिथंच थांबते.

हे काम महाराष्ट्रात सव्वाशे वर्षांपूर्वी एका बाईने करून दाखवलं. तिचा धर्म वेगळा, काळ वेगळा. पण तिला काय जमलं आणि कुठं ठेच लागली, दोन्ही आपल्या कामाचं आहे.

रमाबाई डोंगरे यांचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात झाला. वडील अनंतशास्त्री. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला, पण त्यांनी ते सोडलं नाही. आईने मग रमाबाईंना शिकवलं. सगळं कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगे आणि त्यावर पोट भरे. 1874 च्या सुमारास दक्षिणेतल्या दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या महिन्यांच्या अंतराने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास उपाशीतापाशी पायी देशभर हिंडले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी या तरुण मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. भूक काय असते हे त्या पुस्तकातून शिकल्या नव्हत्या. पुढचं सगळं काम इथूनच सुरू होतं.

1880 मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जात मोडून लग्न केलं. 1882 मध्ये कॉलऱ्याने नवराही गेला आणि मुलगी मनोरमा कडेवर राहिली. त्या पुण्यात आल्या आणि आर्य महिला समाज सुरू केला. हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली. बाई शिकवायला असेल तरच आई-बाप मुलगी पाठवतील, हे त्यांना तेव्हाच कळलं होतं.

1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं ख्रिस्ती झाल्या. पुढं अमेरिकेत त्यांनी हिंदू विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं, व्याख्यानं दिली. बोस्टनच्या मंडळींनी दहा वर्षं मदतीचं वचन दिलं. त्या जोरावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची बालविधवा होती. याच पुढं महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या.

पुढं सदन पुण्याला आलं आणि ठेच लागली ती इथंच. कुणाच्या धर्माला हात लावणार नाही, असा शब्द पालकांना दिलेला होता. पण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसू लागल्या. वर्तमानपत्रांतून ओरड झाली. रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी 1893 मध्ये अंग काढून घेतलं आणि पालकांनी वीसच्या वर मुली परत नेल्या. आपण कुणावर जबरदस्ती केली नाही, हे रमाबाईंचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी पालकांचा विश्वास गेला तो गेलाच. इमारत, शिक्षिका, पैसा सगळं जागच्या जागी होतं. मुली मात्र गेल्या.

बोस्टनची मदत दहा वर्षांचीच आहे हे रमाबाईंना ठाऊक होतं. म्हणून पुणे-दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला त्यांनी सुमारे 100 एकर जमीन घेऊन ठेवली. फळबाग लावायची आणि शाळेचा खर्च त्यातून काढायचा, असा हिशेब होता. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिथं गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या मुली बघून त्यांना आपलं लहानपण आठवलं. सुमारे 300 मुली त्यांनी आणल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मुलींना शहरात ठेवता येईना. मग केडगावच्या माळावर छपरं टाकून राहणं सुरू झालं. तेच मुक्ती सदन.

आधी विहिरी खोदल्या, मग इमारती आल्या. 1900 च्या दुष्काळात त्याच पाण्यावर सगळं तरलं. तेव्हा गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दीड हजाराच्या पुढं गेली. इथं जातीची अट राहिली नाही. वर्गासोबत काम असे: शेती, गाईगुरं, माग, तेलघाणा, शिवण. छापखानाही मुलीच चालवत. अंध मुलींचीही शिकण्याची सोय होती. मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं, त्यावर टीका होत राहिली. पण ज्यांना कुणीच विचारत नव्हतं त्या मुलींना तिथं जेवण, अक्षर आणि हाताला काम मिळालं, हे कुणी नाकारू शकत नाही.

आपल्या भागाच्या जवळ हे काम आलं ते गुलबर्ग्याला. नांदेड-लातूरसारखंच गुलबर्गाही तेव्हा निजामच्या राज्यात होतं. मनोरमाबाईंनी तिथं शाळा चालवली. 1921 मध्ये मनोरमा गेल्या आणि 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईही गेल्या.

आज कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांची सरकारी योजना आहे. अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग आणि अल्पसंख्याक मुलींसाठी त्यात 75 टक्के जागा आहेत. आपल्या मुलींचा हक्क तिथं आधी मागायलाच हवा. त्याउपर आपली संस्था काढायची असेल, तर 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे विसरू नका. जागा बघायला जाल तेव्हा आधी पाणी बघा. देणगी आटल्यावर चूल कशावर पेटेल ते ठरवा. रात्री मुलींजवळ कोण बाई राहणार, हे ठरवा. आणि पालकांना जो शब्द द्याल तो लिहून द्या, मग आपली मुलगी असो की शेजारच्या समाजाची. तो पाळला तरच बाप पुढच्या वर्षी धाकटीलाही घेऊन येईल.