डॉ. शिरोडकर : टाक्याने जगभर पोहोचलेलं नाव

ज्ञानकोशात नोंद व्हावी एवढा मोठा सर्जन कोणाला म्हणायचं? पदव्या, पुरस्कार पुष्कळांकडे असतात. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांकडेही होते. गोव्यातल्या शिरोड्यात १८९९ साली जन्म, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिक्षण, पुढे तिथेच प्राध्यापक, १९६० मध्ये पद्मभूषण. पण त्यांची नोंद ठरली ती कामावर. गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी उघडलं की चौथ्या-पाचव्या महिन्यातच बाळ जायचं. ते तोंड बांधून ठेवणारा टाका डॉक्टरांनी शोधला. १९५५ मध्ये ती पद्धत छापून आली. १९७१ मध्ये ते गेले. पेण-रोह्याकडे बाया नुसता पिशवीचा टाका म्हणतील, डॉक्टरी पुस्तकांत मात्र त्या पद्धतीला जगभर शिरोडकरांचंच नाव आहे. नोंदीला याहून मोठा पुरावा कुठला?